कळ

हुपरीत रात्रीसुद्धा चांदी वाजते.
मी पैंजणाच्या कड्या जोडतो.
जोडते नव्हे, जोडतो. आमच्याकडं पोरी असंच बोलतात:
मी आलो, मी जेवलो, मी निजलो.
पाठ वाकलेली, पोट मांडीवर दुमडलेलं,
म्हणून पोट दुखलं की बसण्यावर ढकलणं सोपं.

पाळीचं दुखणं मला तोंडपाठ होतं.
पहिल्या दिवशी येऊन कंबर धरायचं,
तिसऱ्या दिवशी न सांगता निघून जायचं.
महिन्याच्या मधोमधही एकदा टोचायचं,
कधी डावीकडं, कधी उजवीकडं,
सुई लागावी इतकंच.
ही दोन्ही ओळखीची.

दिवाळीच्या ऑर्डरी आल्या तेव्हापासून मात्र
उजवीकडं काहीतरी बसून राहिलं होतं,
तराजूत कुणी वजन विसरावं तसं.
आईनं ओवा दिला.
आत्तीनं तव्यावर फडकं तापवलं.
चुलती म्हणाली, लग्न झालं की थांबतं.
आणि सगळ्यांचं मिळून एकच:
जरा कळ काढ, त्रिशले.

काढली.
कळ काढणं म्हणजे कड्या जोडणंच,
एकीत एक अडकवत जायचं, मोजायचं नाही.
बायकांच्या दवाखान्यातल्या बाकावर
लोक आधी गळ्याकडं बघतात, मग पोटाकडं.
म्हणून त्या बाकावर मी बसलो नाही.

मग ती रात्र. तीनचा सुमार.
फेट्याला देतात तसा कुणीतरी आतून पीळ दिला.
घाम. उलटी. परत उलटी.
पाय पोटाशी घेऊनही जागा सापडेना.
आई ओव्याचा डबा घेऊन उभी.
दादा, ज्यानं माझ्या दुखण्याचा कधी शब्द काढला नव्हता,
गाडीची किल्ली घेऊन म्हणाला, डबा ठेव खाली.
पट्टणकोडोली मागं पडली, हायवे आला,
दसरा चौकात एक कुत्रं, आणि सीपीआरचा दिवा.

डॉक्टरीण माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, चंद्रपूरकडची.
एकाच बाजूला? एकदम आलं? ताप? चक्कर?
पाळी चुकलीय का?
आई भिंतीकडं बघायला लागली.
डॉक्टरीण म्हणाली, मावशी, हे सगळ्यांनाच विचारतो आम्ही,
उत्तरावर उपचार ठरतात, अब्रू नाही.
मग मला: किती दिवस कळ काढलीस?
पहिल्यांदाच कुणी त्याचा हिशेब मागितला.

पडद्यावर करडा पाऊस, त्यात लिंबाएवढी गाठ.
तिच्या वजनानं अंडाशय देठातून फिरलं होतं.
रक्त पोचत नव्हतं.
नंतर तिनं सांगितलं: पीळ सोडवला तेव्हा ते काळंनिळं होतं.
आम्ही थांबलो. बघत राहिलो.
हळूहळू रंग परतला.
मला रिठ्याच्या पाण्यातली चांदी आठवली,
पण चांदी कितीही वर्षं काळी राहू शकते.
ह्याच्याकडं तास होते.
सकाळची एसटी धरली असती तर, ती म्हणाली,
आणि वाक्य तिथंच सोडलं.

आता कारखान्यात कुणी पोट धरलं
की मी चिमटा खाली ठेवतो.
दोन दिवसांत जातं का? मग शेक, आणि कॅलेंडरवर खूण कर.
दर महिन्याला कॉलेज बुडतंय, गोळीनंही थांबत नाही,
एकीकडं जड वाटतंय, पोट फुगलंय?
मग ह्याच आठवड्यात दाखवू, मी येतो बाकावर बसायला.
एकदम आलं, उलटीसकट, ताप नाहीतर चक्कर?
मग कुणाला विचारायचं नाही. रात्र असली तरी निघायचं.

परवा सन्मतीनं पोट धरलं.
पंधरा वर्षांची, नवीनच आलेली.
पलीकडनं कुणीतरी म्हणालंच, जरा कळ काढ गं.
मी उठलो, तिच्यापुढं बसलो.
कुठल्या बाजूला?
ती लाजली. म्हणाली, अक्का, भूक लागलीया.
सगळ्या हसलो. वडा मागवला.

तरी तिचा वडा संपेपर्यंत मी शेजारीच बसलो होतो,
आणि बाजू विचारून घेतली.