फारखत

नार्व्याच्या तरीवरून उतरलो तेव्हा ओहोटी होती.
कमरेला मेणकापडात लिस्बोआचा कागद,
नऊ महिने समुद्रावर शिळा झालेला.
भतग्रामच्या देसायांना वाचून दाखवायचा,
पानामागे एक पायली भात, असा ठराव.

पहिल्याच पानावर पोलोन्याचा राजा.
हे कुठे आलं? देसाई.
आलेमांवांच्या पलीकडे, म्हणालो, जिथं नदी गोठते.
नदी गोठते हे काही त्यांना पटलं नाही.
पुढचं मात्र कान देऊन ऐकलं :

शेजारचा आलेमांव सरदार, पिढीजात मांडलिक.
त्याच्या पूर्वजाने भर बाजारात गुडघे टेकून
राजाच्या हातून निशाण घेतलेलं.
आता राजाच्या उरावर उत्तरेच्या सुएकांची फौज,
आणि सरदार त्यांच्याच पंगतीला.
मग राजाने काय करावं?
त्याचे गुडघे त्याला परत दिले.
यापुढे टेकू नकोस, म्हणाला,
फक्त माझ्या बाजूने उभा राहा.

"याला म्हणायचं काय?"
फिरंगी शब्द लांबलचक होता, जिभेला न पेलणारा.
मी म्हटलं, फारखत.
सुपारीवर अडकित्ता थांबला.
"कर्जाची, की बायकोची?"
मला ठाऊक नव्हतं.
दुभाष्याने तसं म्हणायचं नसतं,
म्हणून म्हटलं, दोन्हींची.

त्याच अमावास्येला खाजणाचा बांध फुटला.
भातात खारं पाणी, भातात खेकडे.
देसायांनी पैलतीरी पुर्सो गावकराला निरोप धाडला :
शिगम्याचे नऊ नारळ माफ,
दारात येऊन वाकणं माफ,
चाळीस माणसं पाठव, आज रात्री.

माणसं आली.
पहाटे पुर्सो बांधावर उभा, कमरेपर्यंत चिखल,
आणि खाली होडीत देसाई,
त्याच्याशी बोलायला मान वर करून.
मी मध्ये होतो. दोघांची भाषा एकच,
तरी दोघंही माझ्याकडे बघत होते.

याला आता वीस वर्षं होतील.
तरीचा ठेका पुर्सोच्या मुलाकडे आहे.
देसायांचा नातू भाताच्या गोणी घेऊन येतो,
गोणीमागे दोन रुके मोजतो,
घासाघीस करत नाही.
बांध अजून धरून आहे.

मी अजून प्रत्येक गलबताला विचारतो.
आरसे उतरतात, घड्याळं, नवे पाद्री,
बुरशी आलेली मद्याची पिंपं.
पोलोन्याचं पुढं काय झालं
ते अजून कुणी आणलेलं नाही.