गळती

छप्पर गळतं ते आत.
हे घर गळत होतं बाहेर,
बिनआवाजी, सगळ्या अंगानं,
आणि ती गळती मोजायला
पहाटे पाचला, उणे अकरात,
मी रिब्निकच्या त्या बोळात उभी.
(पहाटेच यावं लागतं.
ऊन चढलं की भिंती खोटं बोलतात.)

एर्विन पिएखा दारातच होते.
पायांत लोकरीचे मोजे, ओठांत न पेटवलेली सिगारेट.
वीजकंपनीची का?
म्हटलं, नगरपालिकेची.
म्हणाले, मग त्याहून वाईट.

एकतीस वर्षं जमिनीखाली काढलेली.
वर आले ते एक कान खाली ठेवून
आणि पेन्शनीबरोबर हक्काचा कोळसा पदरात पाडून.
तोही पुढे बंद झाला; आता विकत घेतात
तोच माल, पोत्याच्या भावानं.
"मी काढला, मी जाळतो. तुला गं काय त्याचं?"

कॅमेरा उचलला.
खिडक्यांच्या कडा पिवळ्या.
उंबऱ्याखाली जळत्या सुतळीसारखी एक रेघ.
आणि वळचणीला, धुराड्याच्या डावीकडे,
लालभडक फट,
तिच्यात चिकटून बसलेले पांढरे ठिपके. हलणारे.

"चिमण्या," मी म्हटलं.
त्यांनी कॅमेरा माझ्या हातून ओढूनच घेतला.
बराच वेळ गप्प.
मग आपल्या बोलीत मोजायला लागले, पोरासारखे, बोट रोखून.
"बारा.
म्हणजे ज्याच्यापायी मी गुडघे झिजवले,
ज्याच्यापायी योआखीम वर आलाच नाही,
ते ह्यांच्या पिसांत जातंय होय?"
हसू आलं त्यांना. मग खोकला.
खोकला जिंकला.

स्वयंपाकघरात बसून मी यादी केली:
पोटमाळ्यावर वीतभर जाडीचं अस्तर,
खिडक्यांना रबर,
भट्टीच्या जागी पंप,
बाहेरच्या थंडीतून ऊब उपसणारा.
"थंडीतून? ऊब?"
"फ्रिज उलटा बसवल्यासारखं समजा."
"फ्रिजच्या पाठीवर," ते म्हणाले,
"हिल्डेगार्ड मोजे वाळवायची."

वरची खोली, ती गेल्यापासून, बंद.
कुणी चढत नाही, कुणी झोपत नाही.
चार हिवाळे रोज तापवलेली.
मी तिचं क्षेत्रफळ लिहिलं.
तेवढंच लिहिलं.

ऑगस्टात कामगार आले.
फट बुजवू देईनात म्हातारबुवा,
दोन दिवस शिडी अडवून बसले,
शेवटी कोळशाच्या कोठीच्या फळ्यांचं
एक वाकडं खोकं ठोकलं वळचणीला,
भोक अंगठा घालून मापलेलं.
कोठीत आता कांदे आहेत
आणि नातवाची सायकल, चेन पडलेली.

जानेवारीत मी पुन्हा त्याच बोळात.
पडद्यावर घर गर्द निळं,
कूस बदलून झोपलेल्या जनावरासारखं.
खोक्यात तीनच ठिपके.
"बाकीच्या?"
"शेजारी गेल्या," ते म्हणाले. "तिथं अजून जुनी भट्टी आहे."

"मग, दिसतं का माझं काही?"
"काहीच नाही. दिसत नाही तेच चांगलं."
हे त्यांना रुचलं नाही.
हातमोजा काढला,
पंजा भिंतीला टेकवला, दाबून धरला, उचलला.
निळ्यावर केशरी हात उमटला:
साडेचार बोटं,
करंगळी कुठल्याशा पाळीत राहिलेली.
हळूहळू कडांकडून विझत गेला.

"बघ," म्हणाले,
"मी मात्र गळतोच आहे अजून,"
आणि चहा टाकायला आत गेले,
दार नीट लावून घेत.