जमा-पावती

फोंडा ठाण्यात एकोणीस वर्षं
माझ्या ताब्यात एक कपाट होतं, हिरवं,
दोन कुलुपांचं.
निवडणूक लागली की ते भरायचं,
निकाल लागला की रिकामं.
रानडुकरांसाठीच्या एकनळ्या, ठासणीच्या,
कुणाच्या आजोबाची पोर्तुगिजांच्या काळातली, घोडा नसलेली,
आणि केरीच्या दुलबाराव भाटकारांचं
बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर.

ठाण्यात आणताना ते पिशवीत आणत,
वर अळूची पानं,
जणू बाजाराला निघालेत.
रस्ता सरकारचा, म्हणायचे, तिथे झाकून.
कुळागराचा गडगा ओलांडला
की कमरेला, उघडं.
माझी जमीन, माझा परवाना, माझी कंबर.
एक-चौदाचा उतारा वाचून दाखवायचे मला, मोठ्याने.
आणि खरंच,
बोट ठेवायला जागा नव्हती.

मग एकदा शिगम्यानंतर गोकुळी गावडे आली.
मुंडकार. तिचं घर त्याच उताऱ्याच्या पोटात,
पोफळींच्या मधोमध.
विहीर भाटकारांची, वाट सवयीची.
मी कागद पुढे ओढला.
रोखलं का तुझ्यावर? नाही.
बाहेर काढलं? नाही.
धमकी, शिवी?
नाही हवालदार, बोलतच नाहीत.
पाटाकडे उभे असतात, पाणी सोडत.
मग तक्रार काय लिहू?

ती जरा वेळ
माझ्या पंख्याकडे बघत राहिली.
माझी कळशी अर्धीच भरते, म्हणाली.
ते दिसले की दोर ओढून घेते मी.
उरलेल्या पाण्याला दुसरी खेप.
दिवसाला चार खेपा जास्त, बारा वर्षं.
कुठल्या कलमात बसतं ते तुम्ही बघा.

बघितलं मी.
शस्त्र कायदा, त्याचे नियम,
परवान्याच्या मागच्या मुंगीएवढ्या अटी.
मुंडकारांचा कायदाही काढला. घर तिचं,
घराभोवतीची चार पावलं तिची.
म्हणजे त्यांच्या जमिनीत तिची जमीन,
आणि तिच्या जमिनीभोवती
त्यांची कंबर फिरते.
अर्ध्या कळशीला कलम नव्हतं.
साहेब म्हणाले, समजावून पाठव.
काय समजावलं ते आठवत नाही.
चहा मागवला होता, आणि तिने घेतला नाही.

मे महिन्यात पंचायतीची आचारसंहिता लागली,
कपाट भरलं.
मतदान केंद्र बघायला केरीला गेलो
तो जवळची वाट म्हणून कुळागरातून.
दुलबाराव पाटाकाठी उभे,
उजवा हात कमरेपासून वीतभर लांब धरलेला,
तिथे काही नसताना.
विहिरीवर गोकुळी.
कळशी काठोकाठ, पायरीवर सांडत होती,
आणि ती उचलत नव्हती.
बघत होती त्यांच्याकडे, सरळ.
पाणी कमी झालंय यंदा, ते म्हणाले,
पोफळीला म्हणाल्यासारखे.
नाही, ती म्हणाली. पुष्कळ आहे.

निकालानंतर आठ दिवसांत
सगळे आपापलं घेऊन गेले.
बत्तीस बोअर एकटं पडून राहिलं.
कपाटात त्याला इतकी जागा
कधी मिळाली नव्हती.
मी दोन पत्रं धाडली.
चवथीच्या आदल्या आठवड्यात आले ते,
पिशवीत माटोळीची फळं.
विसरलो, म्हणाले.
पावती मात्र पाकिटात होती,
उघडून उघडून
घड्यांवर फाटलेली.

सही केली.
नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं.
पिशवीत तळाशी ठेवलं, वर फळं.
दारात थांबले, न वळता:
पुढची निवडणूक कधी हो?

झेडपीची असेल, म्हटलं. मार्चात.

मार्च, म्हणाले.
बोटांवर मोजत असावेत.
पाठ माझ्याकडे होती,
हात दिसले नाहीत.