एक थेंबही

ताराच नदी वर्षातले दहा महिने वाळू असते.
बायका तिच्यात खणतात,
खणता खणता खड्डा डोक्याच्या वर जातो,
मग खालून एकीने भोपळ्याची वाटी भरायची,
वरून दुसरीने झेलायची.
आधी करडं, मग गाढव, मग पोरं, मग आपण.
कुत्रं केव्हा पितं ते कुणी बघत नाही.

मी दुभाषा. डॉक्टर केमुन्तोंच्या गाडीबरोबर फिरतो.
बाभळीच्या सावलीत खाट टाकायची,
बॅटरीला यंत्र जोडायचं,
पडद्यावर ऊन पडू नये म्हणून मी चादर धरून उभा.

नांगोलोल आडवी झाली.
मण्यांचे वेढे हनुवटीपर्यंत. केमुन्तो म्हणाल्या,
राहू देत, माझं काम पोटाशी.
पडद्यावर काळं वर्तुळ उमटलं
आणि त्याच्या पोटात आणखी वर्तुळं,
लेकीबाळींनी भरलेल्या घरासारखी.
यकृतात पाणी आहे, डॉक्टर म्हणाल्या. दोन लिटर तरी.
मी म्हटलं, ङाकिपी. पाणी.

ती हसली. रांगेतल्या सगळ्या हसल्या.
म्हणाली, आधी सांगायचं नाही का?
मी वेड्यासारखी रोज पहाटे उठते
आणि त्याच्यासाठी चार तास चालते.

मग अळीचं सांगायचं होतं.
ज्वारीच्या दाण्याएवढी. कुत्र्याच्या आतड्यात हजारांनी,
कुत्र्याला मात्र त्याचं काही नाही.
अंडी डोळ्यांना दिसत नाहीत;
मातीत असतात, खड्ड्याच्या काठावर, केसांत.
शेळी कापली की फोडांनी भरलेलं काळीज
आपण कुत्र्यापुढे भिरकावतो,
आणि फेरा पुन्हा सुरू.
सगळं नीट सांगितलं.
जिभेपाशी अडलो.

आई पाण्याला गेली की माझ्यापाशी राखी कुत्री असायची, लोपुस.
मी घाण केली की तीच पुसायची.
ओकलो तरी तीच. रात्री तरस आला तर
झोपडीच्या तोंडाशी तीच.
पुसायला पाणी होतं कुणाकडे?
जीभ होती. ऊन आणि ओली.
मला वाढवलं त्यात तिचाही वाटा आहे.
त्या खाटेवर मी अजून माझं पोट ठेवलेलं नाही.

नांगोलोल उठून बसली.
मग काय, कुत्री मारून टाकू?
मी डॉक्टरांना सांगितलं, ती विचारते आहे
कुत्र्यांची काळजी कशी घ्यायची.
दुभाष्याला एवढी सूट असावी.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
केमुन्तो बोटं ताणत म्हणाल्या,
गोळा अख्खा निघाला पाहिजे.
आतलं पाणी पोटात एक थेंबही सांडता कामा नये,
जिथे सांडेल तिथे नवा गोळा धरेल.
हे वाक्य मला शोधावं लागलं नाही.
आई रोज माझ्या बहिणीला हेच म्हणायची,
डोक्यावर भरलेला डबा चढवताना.
मी ते तसंच सांगितलं, आईच्याच आवाजात.
नांगोलोलने मान हलवली.
तिला ते कुणी शिकवायची गरज नव्हती.

पावसाआधी आम्ही पुन्हा त्यांच्या तळावर गेलो.
या खेपेला गोळ्या कुत्र्यांसाठी,
शेळीच्या चरबीत लपवून.
नांगोलोलने कुत्रीचा जबडा स्वतः धरला,
गिळल्यावर तिच्या कानामागे खाजवलं.
व्रण बरा होता. उन्हात चमकत होता.

एवढ्यात धाकटं रडलं. मांड्या भरल्या होत्या.
कुत्री उठली, सवयीने.
नांगोलोलने हात आडवा घातला.
कुत्री थांबली, आपलं काय चुकलं ते न कळून.
पिवळ्या कॅनमध्ये चार बोटं पाणी,
रात्रीपर्यंतचं, सहा जणांचं.
तिने कॅन उचलला, कानाशी हलवून पाहिला
आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर लांब गाडीपाशी होत्या.
मी दोन्ही भाषांत
गप्प राहिलो.