दीड तिकीट

रात्रपाळी करून आलेला माणूस
सातपूरच्या दोन खोल्यांत झोपतो, तेव्हा
मे महिन्यातल्या पोरांना आवाज नसावा लागतो.
पोरांना आवाज असतोच.
म्हणून आठालाच डबा भरला,
दहीभात, कैरीच्या फोडी,
एक बाटली गोठवलेली, पंचात गुंडाळून,
आणि कूलरच्या घरघरीवर दार हलकेच ओढून घेतलं.

अन्वयला समुद्र बघायचा होता.
शेजारचा यज्ञेश हरिहरेश्वरला जाऊन आला
तेव्हापासून रोज रात्री तोच धोशा.
मी म्हटलं, चल, दाखवते.
म्हटलं, आणि मग सीबीएस येईपर्यंत
रिक्षात विचार करत बसले, की कुठला.

गिरणारेची गाडी. सळया चटका देणाऱ्या,
रेक्झिनला मांड्या चिकटलेल्या.
जुई साल सोलल्यासारखा एकेक पाय उचलते,
चर्र होतं, ती पुन्हा तेच करते.
कंडक्टर बाईंच्या बिल्ल्यावर, वाघेरे.
"एक महिला, एक हाफ," मी.
"आणि हा?"
"चारचा आहे."
"अगं आई," जुई, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी,
"परवाच नाही का आपण पाचाची मेणबत्ती लावली!"

गाडी हसली.
रिकाम्या गोण्या मांडीवर घेऊन बसलेले आजोबासुद्धा.
मी पर्समध्ये सुट्टे शोधत राहिले,
सापडल्यावरही.
माझं अर्धं, तिचं अर्धं, त्याचं अर्धं.
दीड.
दीडशहाणे, मी तिच्या कानात म्हटलं.
ती म्हणाली, तूच सांगतेस ना, खोटं बोलू नये.

सोमेश्वर मागं पडलं की हवा जरा बदलते.
छाटून बोडक्या केलेल्या द्राक्षबागांना
पुन्हा पोपटी पानं फुटलेली.
समुद्र आला का?
नाही.
आता?

फाट्यावर करवंदं विकणारी पोर, जुईएवढीच.
पळसाच्या द्रोणात मोजून नाही, मूठ भरून देत होती.
दोघी एकमेकींच्या चपलांकडं बघत राहिल्या.
"पाणी लांब गेलंय," ती म्हणाली,
जसं कुणी सांगावं, मामा गावाला गेलाय.

खरंच लांब गेलं होतं.
जिथं पाणी असतं तिथून आम्ही चालत निघालो,
करपलेल्या भाकरीसारख्या भेगांवरून.
कुणाचं तरी एकच चप्पल.
पाखरांच्या पायांचे ठसे, वाळून पक्के.
अन्वय कडेवर, डबा जुईकडं,
माझ्या पाठीवरून घाम ओघळत कंबरेपर्यंत,
आणि मग ते आलंच, निळं,
वाऱ्यानं बारीक लाटा काढत.
पलीकडचा डोंगर उन्हात इतका विरघळलेला
की पलीकडं काही नाहीच, असं म्हणायला हरकत नव्हती.

अन्वय घोटाभर पाण्यात उभा राहिला.
बराच वेळ गप्प.
मग वळून, मला नाही, जुईला विचारलं,
"हा समुद्र आहे?"

तिसरीच्या पुस्तकात नाशिक जिल्हा आहे.
नदी कुठली, धरण कुठलं,
मीच पाठ करून घेतलंय, लाटणं हातात घेऊन.
जुईनं पाण्याकडं बघितलं. भेगांकडं बघितलं.
करवंदाच्या चिकानं चिकटलेली बोटं फ्रॉकला पुसली.
"हो," म्हणाली.
"ओहोटी लागलीय."

परतीला तीच गाडी, त्याच बाई.
अन्वयच्या मुठीत एक शिंपला, चिखलासकट.
"काय रे, कुठं जाऊन आलास?"
"समुद्रावर."
वाघेरे बाईंनी जुईकडं बघितलं.
सकाळची साक्षीदार
खिडकीतून बाहेर, अगदी बाहेर बघत होती,
कान लाल.

बाईंनी मशीनवर बोट ठेवलं, मग उचललं.
"खारं होतं का पाणी?"
अन्वयनं विचार केला.
"थोडंसं."

मी सुट्टे आधीच काढून ठेवले होते.
दीडाचे.