ओहोटीपुरतं नाव

नकाशावर तो अधिकचं एवढंसं चिन्ह,
भोवती ठिपक्यांचं कडं,
शेजारी तिरप्या अक्षरांत: राउनकिल्डचा खडप.

राउनकिल्ड कोण, बोटीवर कुणालाच ठाऊक नव्हतं.
असेल कोपनहेगनचा हिशेबनीस,
कोळशाची, बिस्किटांची बिलं वेळेवर चुकती करणारा,
बर्फ पाहिला असेल तो कचेरीच्या पायऱ्यांवर,
तोही मीठ टाकून विरघळवलेला.

ऑगस्टच्या सतराला आम्ही पूर्व किनाऱ्याशी, त्या जागी पोचलो.
गेडिऑननं मोटार बंद केली, वल्हं काढलं.
"इथून पुढे बोलायचं नाही."
मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल.
"तसं नाही हो. ऐकायचं असतं."

पाणी एका जागी घोट घेत होतं.
थांबत होतं.
पुन्हा घोट.

मग ओहोटीनं त्याला हळूहळू वर सोडलं.
आधी समुद्रशेवाळ, चामड्याच्या पट्ट्यांसारखं लोळणारं,
मग काळं पाठाड, जेमतेम दोन होड्यांएवढं,
आणि एका खाचेत अडकलेला हिमखंडाचा तुकडा
आतली जुनी हवा सोडत, फुटफुटत.

मी वही उघडली. स्थानिक नाव?

गेडिऑन म्हणाला, नाव होतं, साधंच: घोट.
पण माझ्या चुलत्याचं नावही तेच.
तो बुडाला. इथं नव्हे,
धक्क्यापासून वीस हातांवर, निवांत पाण्यात.
गेलेल्याचं नाव आम्ही तोंडावर आणत नाही,
मग खडपालाही हाक मारता येईना.
चार हिवाळे तो बिननावाचा राहिला.
येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं कसं?
नुसती हनुवटी उचलायची त्या बाजूला.
दोन होड्या फुटल्या त्या काळात.
(हे त्यानं दोर गुंडाळता गुंडाळता सांगितलं.)
पाचव्या वर्षी बहीण झाली.
थोमासिनेआत्यानं तिच्या ओठांना पाणी लावलं,
नाव उच्चारलं,
आणि त्याच संध्याकाळी खडपही आम्हाला परत मिळाला.

मी लिहिलं: ओहोटीला उघडा, चाळीस सेंटिमीटर.
तळ: खडक.
नावाच्या रकान्यावर पेन्सिल अडली.
छापील नाव खोडायचं तर तीन सह्या लागतात,
आणि त्या तिघांतलं कुणी इथं यायचं नाही.

पाणी चढू लागलं. शेवाळ उभं राहिलं.
"बहीण असते कुठे?" मी विचारलं.
"दुकानात, गल्ल्यावर. फार बडबडी."
एवढं बोलून त्यानं मोटारीची दोरी ओढली.