कच्चा टाका

पिंजरा टेम्पोतून उतरला तेव्हा
मला वाटलं, कोंबडीवाल्याचा असेल.
मग पाटी वाचली. वन विभाग, नग एक.
खालच्या गजांवर, गुडघ्याच्या उंचीला,
चावल्याच्या खुणा.

वीस वर्षं मरोशी रोडला लोखंड कापतोय, जोडतोय.
गेटं, ग्रिलं, देवळाची दानपेटी,
आरेला लागून उभ्या टॉवरचं कुंपणही माझंच.
लोखंडावर उमटलेले दात
पहिल्यांदाच पाहिले.

घरत साहेब म्हणाले, दार अडकतंय.
मागल्या खेपेला पाठीवरच पडलं,
जनावर निम्मं आत, निम्मं बाहेर.
आता सुळकन् पडायला हवं आणि खटका बसायला हवा.
मी विचारलं, त्याचं पुढे काय झालं?
म्हणाले, कोटेशन दोन प्रतींत द्या.

ग्राइंडर लावला तर सांध्यातून नख निघालं.
अख्खं नाही, टोक.
आतून पोकळ. उजेडाला धरलं तर
कोऱ्या चहाच्या रंगाचं.
काड्यांच्या डब्यात टाकलं
आणि दिवसभर डबा उघडत राहिलो.

संध्याकाळी पाड्यावरची पदी वरठा आली,
कोयत्याची मूठ सुटली होती.
पिंजऱ्याकडे बघत उभीच राहिली.
तिच्या नातवाच्या खांद्याला अकरा टाके पडलेत,
मला ठाऊक होतं.
म्हटलं, चला, तुमचं काम झालं.
ती म्हणाली, आमचं?

नालीनं उतरतो तो, तीनच्या सुमाराला.
गोठ्यामागून जातो. रात्री बाहेर निघताना
आमी खोकतो, तो थांबतो.
पोर खोकायचं विसरला, अंधार होता.
संडासाला दिवा मागितला, चार वरसं झाली.
टॉवरवाल्यांनी सह्या केल्या,
पिंजरा चार दिसांत आला.
ह्याला नेलात तर वाट मोकळी पडंल,
मग दोन कवळे येतील कुठनं तरी,
त्यांना ना नाली ठाऊक, ना आमचा खोकला.

जाता जाता म्हणाली,
वाघदेवाला आमी कोंबडं देतो, ते देणं.
तुमची बकरी म्हणजे फसवणं.
मुठीचे पैसे मी घेतले नाहीत.
तिने ठेवलेच.

टाका दोन तऱ्हांचा.
पक्क्यात दोन लोखंडं वितळून एक होतात.
कच्चा वरून तस्साच दिसतो,
मासळीच्या खवल्यांसारखा चकाकतो,
आत धरत नाही.
उस्ताद म्हणायचे, कच्च्या टाक्याचा पैसा
पोटात गंजतो.

आणि उद्या आणखी एखादं पोर?
हे मनात आलं नाही असं नाही.
हात थांबला होता.
शेजारचा रसवंतीवाला बंद करून गेला तरी
थांबलेलाच होता.
मग काच तोंडावर ओढली
आणि खटक्याला टाका मारला.

अकराशे रुपये. बिलावर शिक्का.

चौथ्या सकाळी दार पडलेलं, खटका तुटलेला,
दाराच्या फटीत पिवळट केस,
आणि जाळीआडच्या कप्प्यात बकरी
‘सावधान’चा कागद चघळत उभी.
अर्ध्या पाड्याने हसून घेतलं.
पदी हसली नाही म्हणे.

पिंजरा परत माझ्याकडे.
घरत साहेबांनी तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला.
माझ्याकडे बघितलं. परत जागेकडे.
गंज, मी म्हणालो.
ते बराच वेळ पेन शोधत होते.
मग लिहिलं, गंज.

पुढच्या महिन्यात नवे आले.
नग चार, भिवंडीहून.
चहाच्या निमित्ताने टेम्पोपाशी गेलो,
एकेका खटक्यावरून बोट फिरवलं.
पक्के. चारही.
काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

दिवा अजून लागलेला नाही.
नख डब्यात आहे.
हल्ली रात्री शटर ओढण्याआधी
मी खोकतो,
आणि थोडा वेळ थांबतो.